बोका कच्च्यावर कसा आला

आमच्या जिल्ह्यात वाघ रस्ता ओलांडत असला की एसटी थांबते, आणि तो रस्त्यातच बसला तर एसटीतली माणसं उतरून चहा पिऊन येतात. ऊर्जानगरच्या आमच्या कॉलनीत सकाळी फिरायला जाणाऱ्यांत माणसं किती आणि बिबटे किती, हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. अशा मुलखात, जिथं मांजरकुळातला जो तो कच्चं मांस खाऊन मिशा पुसतो, तिथं माझ्या वाट्याला असा बोका आला की कोंबडीचा तुकडा दाखवला तर तो पलंगाखाली जायचा.

मी वाढवून सांगत नाही. वाढवून सांगायचं असतं तर तो बेशुद्ध पडायचा असं लिहिलं असतं. एकदा पडलाही होता, पण ते सोडा.

बोका तसा लेकीचा. कंपनीच्या बसच्या टपावर बसून तो कॉलनीत आला असं ती सांगायची. मला वाटतं तो त्या बसचा ड्रायव्हरच असावा, इतका रुबाब. पुढं लेकीला पुण्याला नोकरी लागली, तिथल्या घरमालकिणीला मांजर चालत नव्हतं, आणि मला चालतं की नाही हे विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही. नाव लेकीनं काहीतरी गोड ठेवलं होतं. त्या नावाला तो कधी वळून पाहत नसे. ‘बोका’ म्हटलं की कान हलवायचा, म्हणून तेच राहिलं.

खाणं एकच. माशाच्या आकाराचे कोरडे दाणे, तेही ठरावीक पाकिटातले. पाकीट स्वयंपाकघरात उघडलं तर हा गच्चीवरून यायचा. पाकीट उघडून आठवडा झाला असेल तर वास घेऊन निघून जायचा, आणि जाताना माझ्याकडे असं बघायचा की मला वाटे मीच शिळा झालो. दूध नाही. नदीची मासोळी नाही. एकदा पाल छतावरून नेमकी त्याच्या पाठीवर पडली, तर तो सरळ बायकोकडे तक्रार घेऊन गेला. पाण्याची वाटी त्याला फक्त पंजा बुडवून बघायला लागायची. बुडवायचा, झटकायचा, जायचा.

हे सगळं कौतुकाचं होतं तोवर ठीक होतं. पोळा होऊन गेला आणि एका सकाळी तो वाळूच्या ट्रेमध्ये बसला तो उठेचना. बसायचा, जोर लावायचा, उठायचा, दोन पावलं चालून पुन्हा बसायचा. खाली एक थेंब नाही. मी विजेच्या कारखान्यात बॉयलरवर पस्तीस वर्षं काढली आहेत. पाणी, वाफ आणि नळ्या यांच्यातच माझे केस पिकले. नळी तुंबली की मागं काय होतं हे मला कोणी शिकवायला नको. त्याला जाळीच्या पेटीत घातलं आणि चंद्रपुरात जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर तरुण, कमी बोलणारे. त्यांनी बारीक नळी घालून तुंबारा काढला. आत रव्यासारखे कण साचले होते. तीन दिवसांनी बोका घरी आला तो अर्धा होऊन. दिवाळीनंतर पुन्हा तेच. पुन्हा नळी, पुन्हा तीन दिवस. या खेपेला डॉक्टरांनी हात धुतले, पुसले आणि मला बाजूला घेतलं.

“तिसऱ्यांदा आणाल तेव्हा मी काही करू शकेन, असं धरून चालू नका.”

मग त्यांनी समजावलं. मांजर वाटीतलं पाणी पीत नाही, उंदरातलं पितं. म्हणजे त्याचं पाणी त्याच्या जेवणातूनच पोटात जायला हवं. याच्या पोटात कोरडे दाणे जातात आणि पाणी जात नाही, म्हणून कण साचतात. दाणे बंद करायचे, ओलं मांस सुरू करायचं. उकडलेलं चालेल, कच्चं जमलं तर फारच चांगलं. पण ताजं, स्वच्छ, आणि त्यात ते देतील ती पूड मिसळून. शिजवलेलं हाड चुकूनही नाही. आणि शेवटी एक अट, जी ऐकून माझी अर्धी हुशारी तिथंच गळाली. याला उपाशी ठेवून सरळ करायला जाऊ नका, ते म्हणाले. मांजर दोन दिवस उपाशी राहिलं तर त्याचं लिव्हर बिघडतं. माणूस भुकेनं वळणावर येतो, मांजर भुकेनं मरतं.

म्हणजे बघा. दाणे दिले तर नळी तुंबून जाणार, दाणे तोडले तर उपासानं जाणार, आणि जे खाऊन जगायचं ते बघून हा पलंगाखाली जाणार.

घरी त्या दिवसांत बायकोची आई आली होती, आरमोरीकडच्या गावाहून, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. तिला मी मामी म्हणतो. मामीला एका डोळ्यानं दिसत नव्हतं आणि दुसऱ्यानं जरा जास्तच दिसत होतं. तिनं सगळी हकिगत ऐकून घेतली आणि म्हणाली, “जवाई, गावात मांजराले कोणी वाढून नाई देत. ते आपलं आपून पाह्यते. तुमी याले पंगतीत बसवून राह्यले, मंग तो वाढप्याची वाटच पाहीन ना.”

उकडलेल्यापासून सुरुवात केली. उकडलेली कोंबडी बोक्यानं दाराजवळचं पायपुसणं ओढून आणून झाकली. खरंच. आधी वाटीभोवती फरशी खरवडली, माती निघेना म्हणून इकडं तिकडं पाहिलं, आणि पायपुसणं दातात धरून ओढत आणलं. इतक्या नीट माती दिलेली मी माणसांना पाहिली नाही. तेव्हा मी ठरवलं की अर्धवट उपाय नको. वाघाचा भाचा आहे, कच्च्यावरच आणू.

दुर्गापूरच्या बाजारात आमचे नेहमीचे मटणवाले चाचा आहेत. त्यांच्या वडिलांकडून माझे वडील मटण घ्यायचे. मी कोंबडीची दिलं, म्हणजे हृदयं, आणि थोडी कलेजी मागितली, कोणासाठी तेही सांगितलं. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, आणि चार माणसं ऐकत असली की माझी जीभ माझ्या ताब्यात राहत नाही. मी म्हणालो, पंधरा दिवसांत हा बोका कच्चं मांस खाईल आणि वर ढेकर देईल. चाचांनी सुरा पुसत विचारलं की नाही खाल्लं तर? मी म्हणालो, ज्या माणसानं दोनशे फूट उंचीचा बॉयलर ताब्यात ठेवला त्याला चार किलोचा बोका काय जड आहे? चाचा म्हणाले, बॉयलरला नखं नसतात.

घरी येऊन मांस धुतलं, नेहमीसारखं नीट केलं, छोट्या डब्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवलं. दुसऱ्या सकाळी एक डबी काढून वितळवली आणि बोक्यापुढं ठेवली. त्यानं लांबूनच हवा हुंगली, शिंकला, आणि पायपुसणं आणायला निघाला. या वेळी मी पायपुसण्यावर आधीच उभा होतो. मग त्यानं बायकोचा रुमाल आणला.

आता इथं मला माझी विद्या आठवली. ज्यांना बॉयलर ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. थंड बॉयलरमध्ये कोळशाची पूड फुंकली तर ती पेटत नाही. पूड नुसती आत साचते आणि मग एकदम भडकली तर छप्पर घेऊन जाते. आधी तेल पेटवायचं. तेलाच्या ज्योतीवर भट्टी तापू द्यायची. मग कोळसा दळणाऱ्या एका मिलचा कोळसा, थोडा थोडा. तेल चालूच. कोळशाची ज्योत ठरली, थरथर थांबली, की एकेक करून तेल काढायचं. घाई केली की ज्योत विझते, सगळं ट्रिप होतं, म्हणजे आपोआप बंद पडतं, आणि पहिल्यापासून पुन्हा. याला आम्ही लाइट-अप म्हणतो. मी आयुष्यात इतके लाइट-अप केलेत की चंद्रपूरपासून मुंबईपर्यंत जो पंखा फिरतो त्यानं मला रोज नमस्कार करायला हवा.

बोका म्हणजे थंड बॉयलर. दाणे म्हणजे तेल. मांस म्हणजे कोळसा. इतकं स्वच्छ होतं.

बायकोच्या चटणीच्या जारमध्ये दाण्यांची पूड केली. त्या जारबद्दल जे बोलणं झालं ते लिहीत नाही. आता तो जार बोक्याचा आहे. मांसाची डबी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून उंदराच्या अंगाइतकी कोमट केली. उंदराचं अंग किती गरम असतं हे मी कसं ठरवलं ते विचारू नका. मग वाटीभर दाण्यांत मुगाएवढा मांसाचा कण, वरून पूड, असा पहिला लोड चढवला. खाल्लं. दुसऱ्या दिवशी दोन मूग. मग एक वाटाणा. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी कंट्रोल रूमच्या भाषेत नोंदी ठेवत होतो: ‘सकाळ. कोळसा एक वाटाणा. ज्योत स्थिर.’ ‘संध्याकाळ. कोळसा दीड वाटाणा. किंचित थरथर. तेल वाढवले.’ मामी ते बायकोकडून वाचून घ्यायची आणि विचारायची की जवायाचं डोकं कारखान्यात तपासून मिळते काय.

आठव्या दिवशी वाटीत निम्मं मांस आणि निम्मे दाणे इथवर आलो. आणि तिथं गाडी अडली. निम्म्याच्या पुढं एक कण जरी मांस जास्त झालं, की बोका पूड चाटून घ्यायचा आणि मांस उघडं पडलं रे पडलं की शिंकून बाजूला. मी कोमट केलं, आणखी कोमट केलं, बारीक केलं, लांबट कापलं, बोटावर घेऊन भरवलं. बोटावरची पूड चाटली, तुकडा खाली पडला. तीन दिवस तेच. निम्म्यावर राहिला तर डॉक्टरांच्या मते निम्मा धोका राहिला. आणि ज्या नळीनं दोनदा दगा दिला तिला निम्मा धोका पुरेसा होता.

बाराव्या दिवशी मी ती चूक केली जी माझ्या हाताखालच्या कोणी केली असती तर मी त्याला डेस्कवरून उठवलं असतं. निवृत्तीला थोडे महिने राहिले की माणसाला वाटतं आपल्याला सगळं कळतं. मी तेल काढलं. एकदम. वाटीत नुसतं मांस ठेवलं आणि म्हणालो, आता पेटेल.

विझला. सकाळी काही नाही, संध्याकाळी काही नाही. रात्र पडायच्या आत मी घाबरून त्याच वाटीत शुद्ध दाणे ओतले, पाकीट नवं फोडून. बोका आला, वाटी हुंगली आणि दाण्यांनाही तोंड न लावता निघून गेला. त्याचा आता वाटीवरच विश्वास उरला नव्हता. दुसऱ्या सकाळीही तेच. तो बायकोच्या साड्यांच्या कपाटाखाली जाऊन बसला. हाक मारली तर कान हलत नव्हता.

त्या दिवशी मी ड्युटीवर गेलो नाही. लेकीच्या लग्नाची बोलणी होती त्या दिवशीसुद्धा मी अर्धी शिफ्ट करून आलो होतो. बायको संध्याकाळी म्हणाली, “मांजर लेकीचं आहे म्हणता ना? मंग तिले फोन करून सांगा, काय चालू आहे ते.” मी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला.

चौदाव्या सकाळी डॉक्टरांना फोन केला. दोन दिवस होऊन गेलेत, आता लगेच घेऊन या, ते म्हणाले, सलाइन लावू आणि पुढं बघू. ‘पुढं बघू’ हे शब्द मी कारखान्यात अनेकदा ऐकलेत. ते म्हणणाऱ्याला पुढचं सगळं दिसत असतं.

स्कूटरवर मी, मागं बायको, तिच्या मांडीवर जाळीची पेटी. बोका पेटीत रिकाम्या पिशवीसारखा पडलेला. दुर्गापूरच्या बाजारातून जावंच लागतं. चाचांच्या दुकानासमोर गर्दी होती म्हणून वेग कमी केला, तर चाचांनी ओट्यावरूनच हाक मारली, पंधरा दिवस होत आले, बोका कुठं आहे? मी पेटीकडे बोट केलं. चाचा उतरून आले. वाकून आत पाहिलं. थट्टेचं जे काही तयार करून आणलं होतं ते त्यांनी गिळलं. मागं गेले, नुकत्याच कापलेल्या कोंबडीचं दिल उचललं आणि जाळीच्या फटीतून आत सरकवलं.

मी सांगणारच होतो की राहू द्या चाचा. तेवढ्यात पेटीतून आवाज आला. ओलं काहीतरी चावल्याचा. बायको पेटी धरून पुतळ्यासारखी बसली होती. चाचांनी दुसरं दिल आत टाकलं. तेही गेलं. मग त्यानं जाळीतून पंजा बाहेर काढला, असा, मागायला. मी सात दिलं मोजली. बायको म्हणते तीन होती. आपण सात धरू.

“साहेब, ये तो खा रहा है,” चाचा म्हणाले. “घरचं मटण खराब होतं का तुमचं?”

“नाही चाचा. तुमच्याच दुकानातलं आहे ते. त्याच ओट्यावरचं.”

“मग घर खराब आहे,” चाचा म्हणाले आणि पुन्हा कोंबडीकडे वळले.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, डोळे पाहिले, हिरड्या पाहिल्या. सलाइनची गरज नाही, म्हणाले. दुकानात काय दिलं तेच घरी द्या. मी म्हणालो, तेच देतो साहेब. ते म्हणाले, बोका तसं म्हणत नाही.

परत येताना चाचांकडून तीच दिलं घेतली. घरात शिरलो आणि बायकोला म्हणालो, रोज जसं करतेस तसं सगळं कर, मी इथं उभा राहून बघतो. मामी स्वयंपाकघराच्या दाराशी खाटेवर होती. बायकोनं दिलं धुतली, पाणी निथळलं, आणि बोलता बोलता तिचा हात डब्याकडे गेला. चमचाभर हळद, चिमटीभर मीठ, आणि दोन्ही हातांनी चोळायला लागली.

“हे काय?” मी विचारलं.

“काय, काय?”

“हळद.”

“मटणाले नाई लावायची, मंग चहाले लावायची?”

मी खाली बसलो. आपल्याकडे मांस घरात आलं की त्याला हळद-मीठ लागतं. ते शिजणार आहे की नाही हा प्रश्नच नसतो. सून घरात आली की तिच्या कपाळाला कुंकू, तसं मांसाला हळद. याला कोणी काही करणं म्हणत नाही. विचारलं तर सांगतो, नुसतं धुतलं आणि ‘नीट केलं’. इतकी वर्षं पिवळंच बघितल्यामुळे मटणाचा मूळ रंग पिवळा असतो अशीच आमच्या डोळ्यांची समजूत. पंधरा दिवस ती पिवळी दिलं मी रोज हातात घेत होतो आणि मला ती कच्ची दिसत होती.

एवढ्यावर संपलं असतं तरी बरं. खाटेवरून मामी शांतपणे म्हणाली की लेकीची हळद कमी पडते, नोकरीवाल्यांच्या घरात हात आखडूनच टाकतात, म्हणून डब्या फ्रीजमध्ये जायच्या आधी ती आणखी एक हात फिरवत होती. शिवाय प्रत्येक डबीत खाली कोळशाचा एक खडा होता. तो मी कधी पाहिला नाही, कारण मी वरून काढायचो आणि तळ मामी धुवायची. मटणाच्या वासानं बाहेरचं काही मागं लागू नये म्हणून गावाकडे कोळसा ठेवतात. मी विचारलं, मामी, इथं कोळशाचे डोंगर आहेत, इथं कोणतं भूत येणार? ती म्हणाली, म्हणूनच तर नाई आलं.

मी दोघींना चांगलं सुनावायला तोंड उघडलं. बायको हात धूत होती. मागं न वळता म्हणाली, “आणि सकाळी डबी वितळली की तुमी काय लावता?”

खरं सांगायचं तर लावत होतो. चिमटीभर. बर्फातून काढलेलं मांस ओकंबोकं दिसतं, म्हणून हात आपोआप जायचा. तीन माणसांनी तीन वेळा, एकमेकांना न सांगता. मी बोक्याला कच्चं मांस देत नव्हतो. लग्नातल्या नवरदेवाइतकं हळदीनं माखलेलं काहीतरी देत होतो, त्याच पिवळ्या झालेल्या वाटीत, आणि वर त्याच्या नखऱ्यांना शिव्या घालत होतो.

मामीला मात्र हे पटेना. बिनहळदीचं द्यायचं म्हणजे काय, तिला कळतच नव्हतं. “हळद नाई लावली त ते मटण कायचं, जवाई? मेलेलं जनावर आहे ते.”

“मामी,” मी म्हणालो, “त्याला तेच पाहिजे.”

ती म्हणाली, “मंग सांगाचं ना त्यानं.”

नवा लाइट-अप दुसऱ्या सकाळी सुरू केला. नवी वाटी, काचेची. हळदीचा डबा माळ्यावर. त्याची सजा आम्हाला चार दिवस भोगावी लागली, कारण वरण पांढरं झालं आणि शेजारीण बघून विचारून गेली की घरात कोणी आजारी आहे काय. मामीचा हात डबी दिसली की सरसर उठायचा, म्हणून मांस भरायच्या वेळेला मी तिला तांदूळ निवडायला बसवायचो. एका डोळ्यानं तिनं चार दिवसांत घरातले सगळे तांदूळ दोनदा निवडले.

या वेळी चाचांच्या ओट्यावरचं जसंच्या तसं. डॉक्टरांची पूड, वर दाण्यांची पूड अगदी कपाळाला टिळा लावावा तेवढी. बोका आला, हुंगला. शिंक आली नाही. पहिल्या दिवशी निम्मं. दुसऱ्या दिवशी पाऊण. घाई केली नाही. बारावा दिवस मला चांगला आठवत होता. एकेक चिमूट तेल काढत गेलो. सहाव्या दिवशी कॅलेंडरवर लिहिलं, ‘तेल पूर्ण बंद. ज्योत स्वतःच्या बळावर.’ आणि सातव्या दिवशी मी वाटी सरकवायला हात पुढं केला तर बोका गुरगुरला. आयुष्यात पहिल्यांदा. छातीच्या आतून, घसा खरवडत. मी हात मागं घेतला आणि मला इतका आनंद झाला की मी बायकोला बोलावून आणलं, आणि तिच्यावरही गुरगुरावं म्हणून तिला हात पुढं करायला लावला. तिच्यावर नाही गुरगुरला. त्याला कळतं कुठं गुरगुरायचं ते.

आता तो कोंबडीची मान हाडासकट चावतो. तो आवाज ऐकून शेजारच्यांचा कुत्रा आमच्या फाटकाकडे पाठ करून बसतो. कॉलनीच्या कुंपणापलीकडे जो बिबट्या फिरतो तोही हल्ली रस्ता बदलून जातो असं वॉचमन सांगतो. वॉचमनला हे मीच सांगितलं होतं, पण आता तो स्वतः पाहिल्यासारखं सांगतो, म्हणजे खरंच असणार. चाचा दुकानात येणाऱ्या प्रत्येक मांजरवाल्याला माझ्याकडे पाठवतात. परवा गडचांदूरहून एक बाई पेटीत मांजर घेऊन आल्या. मी पहिला प्रश्न विचारला, हळद लावता काय? त्या म्हणाल्या, छे, नुसतं नीट करून देतो. मी त्यांना आत बसवलं आणि चहा टाकायला सांगितला, कारण हे काम एका वाक्यात होणारं नव्हतं.

पण मांस खाणं ही अर्धीच गोष्ट. माझ्या मीटरचा खरा काटा वाळूच्या ट्रेवर होता. लाइट-अपच्या सगळ्या दिवसांत मी सकाळी चहाच्या आधी ट्रेकडे जायचो. पहिले काही दिवस ओल रुपयाएवढी असायची. मग पुरीएवढी. ज्या सकाळी तेल पूर्ण बंद झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी वाळूत एक ओला गोळा निघाला तो बायकोच्या भाकरीएवढा. मी तो खुरप्यावर तोलून बाहेर आणला आणि दोघींना दाखवला. मामीनं चांगला डोळा जवळ नेऊन पाहिला आणि मान डोलावली. बायको म्हणाली की सकाळी सकाळी हे काय दाखवून राह्यले, आणि मग ती डोळ्याला पदर लावून आत गेली.

महिन्यानं डॉक्टरांनी बोक्याचं पोट दाबलं, लघवी काचेवर घेऊन यंत्राखाली पाहिली, पुन्हा पाहिली. कण नव्हते. ते म्हणाले, असंच चालू ठेवा, आणि तीन महिन्यांनी दाखवा. मी त्यांना लाइट-अपची सगळी पद्धत तेलासकट सांगायला घेतली होती, पण बाहेर एक गाय आजारी होती.

अजूनही सकाळी आम्ही तिघं चहाला बसलो की बोका ट्रेकडे निघतो. वाळू खरवडल्याचा आवाज येतो, मग थांबतो. तेवढ्या वेळात घरात कोणी कप खाली ठेवत नाही. मग वाळू भिजल्याचा आवाज येतो, आणि मामी म्हणते, झालं.